होमरचें बोट धरून

ज्या स्थळाचें वर्णन पुस्तकांत वाचतां वाचतां आपण रंगून गेलों, त्या स्थळीं एकदां तरी प्रत्यक्ष जाऊन उभें राहावें, अशी इच्छा कोणाच्या मनांत येत नाहीं? परंतु बहुतेकांची ती इच्छा सुटी संपतांच मावळते. शाळेच्या सहलींत आपण किल्ला पाहतों, लेणें पाहतों, डब्यांतील फराळ संपवितों आणि संध्याकाळीं घरीं परततों. पुस्तक मात्र घरच्या फळीवरच राहिलेलें असतें. पुस्तक काखोटीस मारून देशोदेशीं हिंडलेल्या, आणि त्या पुस्तकांतील नगरी खरोखरच जमिनींतून उकरून काढण्याचा ध्यास घेतलेल्या एका व्यापाऱ्याची ही हकीकत आहे. त्याचें नांव हाइन्रिख श्लीमान. ही हकीकत सर्वस्वीं गौरवाची नाहीं, हें आरंभींच सांगून ठेवणें बरें.

जर्मनीच्या उत्तरेस मेक्लेनबुर्ग नांवाचा प्रांत आहे. तेथील नॉइबुको या लहानशा गांवीं ६ जानेवारी १८२२ रोजीं श्लीमानचा जन्म झाला. बाप प्रॉटेस्टंट पंथाचा धर्मोपदेशक होता. पुढच्याच वर्षीं बापाची नेमणूक आंकर्सहागन या खेड्यांत झाली आणि हाइन्रिखचें बाळपण तेथेंच गेलें. तो नऊ वर्षांचा असतां आई वारली. बापाचें वर्तन त्याच्या पेशास शोभेल असें नव्हतें. गांवांत त्याची नालस्ती झाली, आणि चर्चच्या पैशांत अफरातफर केल्याचा आरोपहि त्याजवर आला. भावंडांची पांगापांग झाली. हाइन्रिखला चुलत्याकडे पाठविण्यांत आलें. पुढें त्याला लॅटिन व ग्रीक शिकविणाऱ्या वरच्या दर्जाच्या शाळेंत घातलें खरें, पण खर्च झेपेना. कांहीं महिन्यांतच त्याला तेथून काढून साध्या व्यवहारी शाळेंत घालावें लागलें, आणि चौदाव्या वर्षीं तेंहि शिक्षण संपलें.

ट्रॉयची कथा आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांना ठाऊक असेल. ग्रीक राजा मेनेलाउस याची रूपवती राणी हेलन हिला ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस घेऊन गेला. तिच्यासाठीं ग्रीक राजांनीं हजारों गलबतें घेऊन ट्रॉयला वेढा घातला. दहा वर्षें युद्ध चाललें, आणि अखेर लांकडी घोड्याच्या पोटांत लपून ग्रीक वीर शहरांत शिरले. या युद्धांतील थोड्याच दिवसांची कथा होमर कवीच्या इलियड काव्यांत आहे, आणि युद्धानंतर ओडिसियस या वीराचा घरापर्यंतचा प्रवास ओडिसी काव्यांत आहे. आपल्याकडे रामायण-महाभारतांना जें स्थान, तेंच ग्रीक लोकांत या दोन काव्यांना. मात्र गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत युरोपांतील पुष्कळ पंडित असें मानीत कीं, ट्रॉयचें युद्ध ही कविकल्पना होय. ज्या नगरीसाठीं एवढा रक्तपात झाला ती नगरी कवीच्या मनाबाहेर कोठेंहि नव्हती.

श्लीमान आत्मवृत्तांत सांगतो कीं, १८२९ च्या नाताळांत बापानें त्याला मुलांसाठीं लिहिलेलें जगाच्या इतिहासाचें एक पुस्तक भेट दिलें. त्यांत ट्रॉय जळत असल्याचें चित्र होतें : उंच तट, ज्वाळांनीं वेढलेला दरवाजा, आणि म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेऊन बाहेर पडणारा ईनिअस. एवढे जाड तट समूळ नाहींसे होणें शक्य नाहीं, ते जमिनीखालीं असलेच पाहिजेत, आणि मोठेपणीं आपण ते खणून काढणार, असें त्या मुलानें बापाला तेथल्या तेथें सांगितलें म्हणे. कथा मोठी गोड आहे. शेंकडों पुस्तकांतून ती छापली गेली आहे. परंतु हें आत्मवृत्त श्लीमाननें लिहिलें तें वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षाच्या सुमारास, कीर्ति मिळाल्यानंतर. तरुणपणच्या त्याच्या पत्रांत व रोजनिशींत ट्रॉय खणण्याच्या इच्छेचा उल्लेख संशोधकांना आढळलेला नाहीं. म्हातारपणीं मागें वळून पाहतांना माणसाला आपलें आयुष्य सरळ रेषेंत आंखलेलें दिसूं लागतें. श्लीमानलाहि तसेंच दिसलें असावें.

शाळा सुटल्यावर तो फ्युर्स्टेनबर्ग येथील एका किराणा दुकानांत उमेदवार म्हणून राहिला. पहांटे पांचपासून रात्रीं अकरापर्यंत काम : खारवलेले मासे, लोणी, दूध, मीठ आणि बटाट्याची दारू विकावयाची, दुकान झाडावयाचें, जमीन पुसावयाची. साडेपांच वर्षें हें चाललें. शाळेंत जें थोडें शिकला होता तेंहि विसरला. एके संध्याकाळीं दारू झोंकलेला एक पिठाच्या गिरणीवाला दुकानांत आला. हा गृहस्थ एकेकाळीं चांगल्या शाळेंत शिकला होता व पुढें वाह्यात झाल्यामुळें तेथून त्याची हकालपट्टी झाली होती. त्यानें होमरच्या काव्यांतील बऱ्याच ओळी मूळ ग्रीकमध्यें लयींत म्हणून दाखविल्या. श्लीमानला त्यांतील एक शब्दहि कळला नाहीं. पण त्या नादानेंच त्याच्या डोळ्यांस पाणी आलें. आपल्या तुटपुंज्या पैशांतून त्यानें त्या माणसाला दारूचे तीन पेले पाजले आणि त्याच ओळी तीनदां म्हणवून घेतल्या. ग्रीक भाषेशीं त्याचा खरा परिचय असा झाला, तोहि दारूच्या पिंपाशेजारीं.

एके दिवशीं जड पिंप उचलतांना छातीवर ताण पडून त्याच्या तोंडावाटे रक्त आलें. दुकान सुटलें. १८४१ सालीं तो हांबुर्ग बंदरांत गेला व दक्षिण अमेरिकेंतील व्हेनेझुएला देशाकडे निघालेल्या डोरोथिया नांवाच्या गलबतावर पोऱ्या म्हणून चढला. डिसेंबरांत हॉलंडच्या किनाऱ्याजवळ वादळांत तें गलबत फुटलें. माणसें वांचलीं, पण श्लीमानजवळ अंगावरच्या कपड्यांखेरीज कांहीं उरलें नाहीं. अशा स्थितींत तो आम्स्टरडॅमला पोंचला आणि एका व्यापारी कचेरींत निरोप्या म्हणून कामास लागला.

त्याच्या चरित्राचा हा भाग आमच्या विद्यार्थ्यांनीं सावकाश वाचावा, अशी विनंति आहे. वर्षाला आठशें फ्रँक पगार. त्यांतील अर्धा भाग तो भाषा शिकण्यावर खर्च करी, आणि उरलेल्या अर्ध्यांत, शेगडीवांचून थंडीनें गारठलेल्या माळ्यावर राही. निरोप पोंचवावयास जातांना, टपाल-कचेरींत रांगेंत उभें असतांना हातांत पुस्तक असेच. त्याची शिकण्याची पद्धति त्यानें स्वतःच शोधून काढली होती : पुष्कळ वाचावयाचें, तें मोठ्यानें वाचावयाचें, भाषांतर करीत बसावयाचें नाहीं, रोज एक तास शिक्षकापुढें बसावयाचें, आवडत्या विषयावर निबंध लिहून तो शिक्षकाकडून दुरुस्त करून घ्यावयाचा आणि दुसऱ्या दिवशीं पाठ म्हणावयाचा. इंग्रजीचे उच्चार सुधारावे म्हणून तो दर रविवारीं दोनदां इंग्रजी चर्चमध्यें जाई आणि उपदेशकाचा शब्दन् शब्द हळू आवाजांत स्वतःशीं म्हणे. गोल्डस्मिथचें व्हिकार ऑफ वेकफील्ड आणि स्कॉटचें आयव्हॅनहो हीं दोन्हीं पुस्तकें त्यानें इंग्रजींत अथपासून इतिपर्यंत मुखोद्गत केलीं. सहा महिन्यांत इंग्रजी, पुढील सहा महिन्यांत फ्रेंच. नंतर डच, स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीज.

रशियन भाषेची गंमत निराळीच. शिकविणारा कोणी मिळेना. तेव्हां एक जुनें व्याकरण, एक कोश आणि टेलेमाकस या प्रसिद्ध फ्रेंच कथेचें एक वाईट रशियन भाषांतर एवढ्या सामग्रीवर त्यानें आरंभ केला. कोणी समोर बसून ऐकत असेल तर आपण लवकर शिकूं, असें वाटून त्यानें आठवड्याला चार फ्रँक देऊन एक म्हातारा श्रोता ठेवला. त्या बिचाऱ्याला रशियनचें अक्षरहि कळत नव्हतें! रोज सायंकाळीं दोन तास तो हें पाठांतर ऐके. आम्स्टरडॅममधील घरांच्या पडद्या पातळ. शेजाऱ्यांनीं तक्रारी केल्या, आणि रशियन पुरी होईपर्यंत श्लीमानला दोनदां बिऱ्हाड बदलावें लागलें. मात्र सहा आठवड्यांत त्यानें रशियनमध्यें पहिलें व्यापारी पत्र लिहिलें.

त्या पत्रानें त्याचें दैव फिरलें. ज्या पेढीवर तो आतां कारकून होता, तिनें १८४६ च्या जानेवारींत त्याला आपला मुनीम म्हणून रशियांतील सेंट पीटर्सबर्ग येथें पाठविलें. लवकरच तो स्वतंत्र व्यापार करूं लागला. त्याचा मुख्य माल म्हणजे नीळ. त्या काळीं जगांतील निळीचा मोठा भाग आपल्या हिंदुस्थानांतून जात असे. तेव्हां ट्रॉयच्या उत्खननाला लागलेल्या पैशांत बंगाल-बिहारच्या शेतांवर राबणाऱ्या रयतेचा घाम थोडाबहुत मिसळला होता, असें म्हटल्यास चूक होणार नाहीं. मध्यंतरीं कॅलिफोर्नियांत सोन्याच्या खाणींकडे गेलेला भाऊ वारल्यामुळें तो तिकडे गेला, आणि तेथें सुवर्णरजाची पेढी घालून आणखी पैसा करून १८५२ सालीं परतला. क्रिमियाच्या युद्धांत त्यानें सोरा, गंधक व शिसें यांचा व्यापार केला. म्हणजे बंदुकीच्या दारूगोळ्यावर पैसा मिळविला. चाळिशी उलटण्याच्या सुमारास तो इतका श्रीमंत झाला कीं पुढें जन्मभर कमाई करण्याची गरज राहिली नाहीं. याच काळांत त्यानें रशियन मुलीशीं लग्न केलें. तीन मुलें झालीं, पण संसार सुखाचा झाला नाहीं.

ग्रीक भाषा मात्र त्यानें मुद्दाम मागें ठेविली होती. एकदां ती हातीं घेतली कीं तिच्या मोहिनीनें आपलें व्यापारावरचें लक्ष उडेल, ही त्याला धास्ती होती. १८५६ सालीं, युद्ध संपल्यावर, त्यानें आधीं आजची व मग प्राचीन ग्रीक शिकावयास घेतली, आणि इलियड व ओडिसी पुनःपुन्हां वाचलीं. धास्ती खरी ठरली. थोड्याच वर्षांत त्यानें धंदा आवरावयास घेतला.

आतां तो प्रवासास निघाला. १८५८-५९ मध्यें स्वीडन, डेन्मार्क, इटली करून तो इजिप्तला गेला, नाईल नदीच्या दुसऱ्या धबधब्यापर्यंत चढून गेला, वाटेंत अरबी शिकला, आणि पेट्रा, जेरुसलेम पाहून परतला. १८६४ सालीं तर त्यानें पृथ्वीप्रदक्षिणाच आरंभिली : कार्थेजचे अवशेष, इजिप्त, आणि मग आपला देश. सिलोन, मद्रास, कलकत्ता, काशी, आग्रा, लखनौ, दिल्ली आणि हिमालय अशी त्यानें दिलेली यादी आहे. आपल्या मुंबई इलाख्यांतील एकहि गांव तींत नाहीं, याचें थोडें वाईट वाटतें. पुढें सिंगापूर, जावा, सायगांव, चीन. तेथें तो चीनच्या मोठ्या भिंतीवर चढला. नंतर जपान. तेथून एका लहान इंग्रजी गलबतानें त्यानें पॅसिफिक महासागर ओलांडला. पन्नास दिवस पाणीच पाणी. त्या पन्नास दिवसांत त्यानें चीन व जपान यांविषयीं आपलें पहिलें पुस्तक फ्रेंच भाषेंत लिहून काढलें. तें १८६७ सालीं प्रसिद्ध झालें.

या प्रवासांत त्याचा एक नेम होता. ज्या देशांत असेल त्या देशाची भाषा येत असल्यास रोजनिशी त्याच भाषेंत लिहावयाची. अशा त्याच्या अठरा रोजनिशा अथेन्समधील एका ग्रंथालयांत जपून ठेवलेल्या आहेत. त्यांतील सर्वच मजकूर विश्वासार्ह नाहीं. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या भयंकर आगीचें प्रत्यक्षदर्शी वर्णन त्यानें एका रोजनिशींत केलें आहे. परंतु ज्या तारखेस त्यानें तें लिहिलें, त्याच्या सुमारें महिनाभर आधींच ती आग होऊन गेली होती! वाचलेलें आणि पाहिलेलें यांची सरमिसळ करण्याची ही खोड त्याला शेवटपर्यंत जडलेली होती.

१८६६ पासून त्यानें पॅरिस येथें राहून विद्यापीठांतील व्याख्यानें ऐकलीं. आपल्याहून निम्म्या वयाच्या मुलांच्या शेजारीं बसण्याची त्याला लाज वाटली नाहीं. मग १८६८ च्या उन्हाळ्यांत, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षीं, होमर बरोबर घेऊन तो ग्रीसला निघाला.

तो ओडिसियसच्या इथाका बेटावर उतरला. तेथील एका खेड्यांत लोक त्याच्याभोंवतीं जमले, तेव्हां त्यानें ओडिसीच्या चोविसाव्या सर्गांतील भाग वाचून दाखविला. वीस वर्षांनीं परतलेला ओडिसियस मळ्यांत खपणाऱ्या आपल्या म्हाताऱ्या बापाला भेटतो, तो हा प्रसंग. श्लीमान मूळ ओळी वाची आणि लगेच त्यांच्या बोलींत अर्थ सांगे. ऐकणारे रडले, आणि वाचणाराहि रडला, असें तो लिहितो. त्याच्या लिखाणावर सावधपणें विश्वास ठेवावा हें खरें. पण हा प्रसंग खोटा असावा असें आम्हांस वाटत नाहीं.

इथाकाहून तो तुर्कस्तानच्या वायव्य टोंकास, डार्डानेल्स सामुद्रधुनीजवळच्या मैदानांत आला. ट्रॉय खरोखर असलेंच तर तें बुनारबाशी या खेड्याजवळच्या टेकडीवर असावें, असें त्या वेळच्या बहुतेक पंडितांचें मत होतें. श्लीमाननें होमर उघडला आणि जमिनीशीं ताडून पाहिला. होमर सांगतो कीं, तटाजवळ दोन झरे होते, एक ऊन पाण्याचा व एक बर्फासारखा गार. बुनारबाशीला दोन नव्हे, तब्बल तीस-चाळीस झरे होते, आणि उष्णतामापक बुडवून पाहतां सर्वांचें पाणी सारखेंच. काव्यांत ग्रीक सैन्य समुद्रावरील आपल्या गलबतांपासून तटापर्यंत एका दिवसांत अनेक वेळां जातें-येतें. येथून समुद्र जवळजवळ तीन तासांच्या वाटेवर. अकिलीसनें हेक्टरचा पाठलाग करीत शहराला तीन प्रदक्षिणा घातल्या, असें होमर म्हणतो. श्लीमान स्वतः त्या टेकडीभोंवतीं फिरूं लागला, तों एका ठिकाणीं उतार इतका तीव्र कीं त्याला हातांपायांवर रांगत उतरावें लागलें. अशा जागीं धांवण्याची शर्यत कशी होणार? पुस्तक खरें असेल तर हें ट्रॉय नव्हे, असा त्यानें निर्णय केला.

मग ट्रॉय कोठें? येथें एका दुसऱ्या गृहस्थाचें नांव आदरानें घेतलें पाहिजे. त्या भागांत राहणारा फ्रँक कॅल्व्हर्ट हा इंग्रज अमेरिकेचा वकील म्हणून काम पाही. हिस्सार्लिक नांवाच्या टेकडीचा कांहीं भाग त्याच्या मालकीचा होता. हीच टेकडी ट्रॉय असावी, असें त्याचें मत बनलें होतें, आणि श्लीमान येण्यापूर्वीं कांहीं वर्षें त्यानें तेथें थोडें खणूनहि पाहिलें होतें. पण त्याच्यापाशीं पैसा नव्हता. दोघांची भेट झाली. त्यानंतर श्लीमाननें कॅल्व्हर्टला पाठविलेलीं पत्रें नवशिक्याच्या प्रश्नांनीं भरलेलीं आहेत : कोणत्या महिन्यांत यावें, अवजारें कोणतीं आणावींत, टोपी कोणती घालावी, लोखंडी खाट बरोबर घ्यावी काय? ज्याला खाटेविषयीं विचारावें लागलें, त्यानेंच पुढें आपण होऊन ट्रॉय शोधल्याचा डंका पिटला, आणि कॅल्व्हर्टला मिळावयाचें श्रेय त्याला पुरतेपणीं कधींच दिलें नाहीं.

१८६९ सालीं श्लीमाननें अमेरिकेंत जाऊन पहिल्या पत्नीशीं काडी मोडली, आणि त्याच वर्षीं अथेन्समध्यें सतरा वर्षांच्या सोफिया या ग्रीक मुलीशीं विवाह केला. वधूपरीक्षेंत तिला होमर म्हणावयास सांगितलें होतें. तिनें तो न अडखळतां म्हटला. आमच्याकडील वधूपरीक्षांतून हा प्रश्न अद्याप ऐकिवांत नाहीं.

खरें उत्खनन १८७१ च्या ऑक्टोबरांत सुरू झालें. शंभर-दीडशें मजूर, इंग्लंडहून मागविलेल्या एकचाकी हातगाड्या, हिंवताप, उन्हाळ्याचा धुरळा आणि हिंवाळ्याचे झोंबरे वारे. टेकडीच्या पोटांत एका शहरावर दुसरें, दुसऱ्यावर तिसरें अशीं शहरें रचलेलीं होतीं. आज त्यांचे मुख्य नऊ थर मानतात. मातीच्या घरांचें गांव पडलें कीं ती माती सपाट करून तिच्यावरच नवें गांव वसे, म्हणून जसजसें खालीं जावें तसतसा काळ जुना. श्लीमाननें विचार केला : होमरचें ट्रॉय फार प्राचीन, म्हणून तें तळाशींच असणार. त्यानें टेकडीच्या मधून उत्तर-दक्षिण असा एक प्रचंड चर खणविला, कांहीं ठिकाणीं चवदा मीटरांहून खोल. वाटेंत ज्या भिंती आड आल्या त्या त्यानें फोडून फेकून दिल्या. त्या आपल्या कामाच्या नाहींत, असें त्याला वाटलें. होमरशिवाय दुसरें कांहीं त्या मातींत लिहिलेलें असेल, हें त्याच्या डोळ्यांस दिसतच नव्हतें.

१८७३ च्या मेअखेर तळापासूनच्या दुसऱ्या थराच्या तटाजवळ त्याला तांबें, रुपें व सोनें यांचा एक मोठा सांठा सांपडला : भांडीं, भाल्यांचीं फाळें, सोन्याच्या बिंदल्या व कुंडलें, आठ हजारांहून अधिक बारीक सोन्याचे मणी व तुकडे. हा ट्रॉयच्या प्रायम राजाचा खजिना, असें त्यानें जगाला कळविलें. मजुरांना जेवणाची सुटी देऊन आपण एकटेंच सुरीनें तो खणून काढला आणि सोफियानें तो आपल्या शालींत गुंडाळून नेला, असें त्यानें छापलें. वस्तुतः सोफिया त्या वेळीं अथेन्समध्यें होती. तिचे वडील नुकतेच वारले होते. पुढें खासगी पत्रांत त्यानेंच हें कबूल केलें. खजिना त्यानें तुर्की सरकारच्या नकळत देशाबाहेर पळविला, परवान्याप्रमाणें अर्धा वांटा त्या सरकारचा असतांनाहि. खटला झाला, आणि अखेर पन्नास हजार फ्रँक भरून त्यानें तो मिटविला.

त्याच वर्षीं कॅल्व्हर्टनें छापून प्रसिद्ध केलें कीं, खालचे थर फार जुने व वरचे फार नवे असून, ट्रॉयचें युद्ध ज्या काळांत झालें असावें त्या काळच्या वस्तु मध्यें दिसत नाहींत. श्लीमान संतापला. मित्रत्व तुटलें. पण कॅल्व्हर्टचें बरोबर होतें. ज्या थराला श्लीमान प्रायमचें ट्रॉय म्हणत होता, तो आजच्या गणनेप्रमाणें ख्रिस्तपूर्व २५०० ते २३०० च्या आसपासचा आहे. ट्रॉयच्या युद्धाचा परंपरागत काळ ख्रिस्तपूर्व १२०० च्या सुमाराचा. म्हणजे हजार वर्षांहून अधिक अंतर. सहाव्या व सातव्या थरांतील ज्या शहरांत होमरच्या कथेचें बीज असण्याचा संभव आहे, त्यांच्या अवशेषांतूनच त्याचा चर आरपार गेला होता. न्याय म्हणून हेंहि सांगितलें पाहिजे कीं, टेकडीच्या माथ्यावरचे पुष्कळसे अवशेष त्याच्याहि पूर्वीं नाहींसे झाले होते. ग्रीक व रोमन लोकांनीं देऊळ बांधण्यासाठीं तो माथा छाटून सपाट केला होता.

त्याचें वाचन जेथें पूर्णपणें फळास आलें, अशी जागा म्हणजे मायसीनी. ट्रॉयवर चालून गेलेल्या ग्रीकांचा सेनापति आगामेम्नॉन याची ही राजधानी. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत पॉसेनियस नांवाच्या प्रवाशानें ग्रीस देश पायाखालीं घालून स्थळवर्णनाचा एक ग्रंथ लिहिला. त्यांत म्हटलें आहे कीं, आगामेम्नॉन व त्याचे सोबती यांच्या कबरी तटाच्या आंत आहेत. पंडितांनीं तट म्हणजे खालच्या गांवाची बाहेरची भिंत असें धरलें होतें. श्लीमान म्हणाला, पॉसेनियसच्या काळीं बाहेरची भिंत दिसतच नसावी. प्रवासी जें डोळ्यांनीं पाहतो तेंच लिहितो. तेव्हां त्याचा तट म्हणजे बालेकिल्ल्याचा. जो स्वतः रोजनिशी घेऊन हिंडला होता, त्यालाच हें सुचावें! १८७६ च्या ऑगस्टांत त्यानें सिंहद्वाराच्या आंत खणावयास आरंभ केला, आणि नोव्हेंबरांत कबरी लागल्या. पांच कबरींत पंधरा प्रेतें, राशीनें सोनें, सोन्या-रुप्याचें जडावकाम केलेल्या कट्यारी, आणि पुरुषांच्या चेहऱ्यांवर सोन्याचे मुखवटे. आगामेम्नॉन सांपडला, असें त्यानें जाहीर केलें. त्या कबरी ट्रॉयच्या युद्धाच्या सुमारें तीन-चारशें वर्षें आधींच्या आहेत, हें पुढें ठरलें. परंतु ज्या संस्कृतीचें अस्तित्वच कोणी मानीत नव्हतें ती जगासमोर उभी राहिली, आणि ग्रीसचा इतिहास एका दमांत हजार वर्षें मागें गेला.

अथेन्समध्यें त्यानें राजवाड्यासारखें घर बांधिलें व त्याला ट्रॉयचा वाडा अशा अर्थाचें नांव दिलें. मुलीचें नांव आंड्रोमाखी, मुलाचें आगामेम्नॉन; नोकरांनाहि होमरकालीन नांवें. त्या घरांत आतां नाण्यांचें संग्रहालय आहे.

१८८२ पासून विल्हेल्म डॉर्पफेल्ट हा तरुण स्थापत्यज्ञ त्याच्या हाताखालीं आला. तो शांत स्वभावाचा होता, आणि भिंत दिसली कीं ती फोडण्याऐवजीं मोजी. त्याच्या सहवासांत श्लीमानचें खणणेंहि बदललें. थरांची मोजणी होऊं लागली, फुटक्या खापरांच्याहि नोंदी राहूं लागल्या. १८९० च्या हंगामांत दोघांना जुन्या तटाच्या बाहेर, सहाव्या थरांत, एक मोठी इमारत लागली, आणि तींत मायसीनीला सांपडलेल्या घाटाचींच खापरें निघालीं. त्याचा अर्थ उघड होता. मायसीनीच्या वैभवाच्या काळाशीं जुळणारें ट्रॉय हा सहावा थर, दुसरा नव्हे. वीस वर्षें ज्याला तो प्रायमची नगरी म्हणत आला ती निराळीच होती. पुढच्या वर्षीं पुन्हां येऊन याचा निकाल लावण्याचा त्यानें बेत केला.

तें पुढचें वर्ष त्याला मिळालें नाहीं. कानाचें दुखणें बळावलें होतें. नोव्हेंबरांत जर्मनींत शस्त्रक्रिया झाली. पुरता बरा होण्याआधींच, नाताळाला घरीं पोंचावें म्हणून, तो अथेन्सकडे निघाला. वाटेंत नेपल्सला उतरून पाँपेईचे नवे अवशेष पाहण्याचा मोह त्याला आवरला नाहीं. २५ डिसेंबर १८९० रोजीं, नाताळच्या दिवशीं, नेपल्सच्या रस्त्यांत तो कोसळला. शुद्ध होती, पण जीभ लुळी पडली होती. डझनाहून अधिक भाषा बोलणाऱ्या त्या माणसाला आपलें नांवसुद्धां सांगतां येईना. दुसऱ्या दिवशीं त्याचा अंत झाला. वय अडुसष्ट. अथेन्सच्या दफनभूमींत त्याची समाधि आहे.

डॉर्पफेल्टनें १८९३ व ९४ मध्यें सहाव्या थराचे भव्य तट उघडे केले. पहिल्या हंगामाचा खर्च सोफियानें दिला. प्रायमचा म्हणविला गेलेला खजिना श्लीमाननें १८८१ सालींच जर्मन राष्ट्राला अर्पण केला होता. १९४५ सालीं बर्लिन पडलें तेव्हां रशियन सैन्यानें तो नेला, आणि जवळजवळ पन्नास वर्षें तो कोठें आहे हें जगाला कळलें नाहीं. १९९६ सालीं मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयांत तो लोकांना दाखविण्यांत आला. हिस्सार्लिकच्या टेकडीवर आज देशोदेशींचे प्रवासी येतात. तेथें माहीतगार त्यांना तट दाखवितात, दरवाजे दाखवितात, आणि मग टेकडीच्या मधोमध असलेल्या एका खोल, रुंद घळीपाशीं आणून उभें करतात. ती घळ श्लीमाननें पाडलेली आहे, आणि तिला त्याचेंच नांव आहे.